वाढवलेली किक

९ मार्च

बाबा,

नमस्कारापासून सुरुवात करते. तुमच्या पत्रात तो नव्हता, पण वडील कुठे मुलीला नमस्कार करतात, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

वर्ष उलटून गेलं, आपण एकमेकांशी बोललो नाही. आणि पाकीट फोडून बघते तर आत काय, गाडी. 'मोटरसायकल सकाळी गार असताना चोक दिला की चालू होते, चोक काढला की बंद पडते. तुझ्या गॅरेजात अशा वेळी काय करतात ते कळव.' भांडणाबद्दल अवाक्षर नाही, पुढे नाही, मागे नाही. मी कागद उलटा करूनही पाहिला.

विचारलंच आहे तर सांगते. पायलट जेट चोंदलंय. कार्बोरेटर उतरवा, जेट काढा, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा आणि हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. मी शाळेत असताना अंगणात वर्तमानपत्र पसरून मला कार्बोरेटर उघडायला तुम्हीच शिकवलं होतं, आणि तार घातली म्हणून माझ्या हातावर चापटही तुम्हीच मारली होती.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर टाकून मी इथे गाड्या दुरुस्त करायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, डिग्री घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस. मी डिग्री घेतली नाही आणि आलेही नाही. म्हणजे तुमचं शब्दशः ऐकलं. आज्ञाधारक मुलगी म्हणून कुठे नोंद होत असेल तर करून घ्या.

अक्षर शेजारच्या काकूंचं आहे. चष्म्याचा नंबर बदललाय, नवीन चष्मा अजून आला नाही, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलं, असं तुम्ही म्हणता. चष्मेवाल्याच्या जरा मागे लागा, ती माणसं आपणहून काही करत नाहीत. शेवटी 'वेळेवर जेवत जा' असं आहे. ते तुम्ही सांगितलंत की काकूंनी पदरचं घातलं?

'फोन करू नकोस, लिही' हेही वाचलं. बरं. फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो आणि मग कोणी तरी आधी फोन ठेवतं. पत्रात निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

जेट साफ केल्यावर फरक पडला का ते कळवा.

तुमची,
मुलगी


२९ मार्च

बाबा,

आता निळा धूर. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर भसकन येतो, मग थांबतो, दिवसभर येत नाही. व्हॉल्व्हची सीलं गेलीत. रात्रभर तेल झिरपून खाली बसतं आणि सकाळी जळतं. हेड उघडावं लागेल. रिंगा बदलू नका, कोणी सांगितलं तरी. रिंगा गेल्या असत्या तर धूर दिवसभर आला असता.

पास झाले का?

असं विचारते, कारण ही तोंडी परीक्षा चाललीय हे माझ्या लक्षात आलंय. तुम्ही जन्मभर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिलात, पोरांना कानस धरायला शिकवलंत. परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला की तुम्ही मागे उभे राहून पोरांच्या उत्तरांवर मान हलवायचात, ते मी पाहिलंय. आता मान हलवताय की नाही ते मला इथून दिसत नाही, एवढीच अडचण.

जेटचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तब्येत विचारली होती का मी? नव्हती बहुतेक. कशी आहे?

तुम्ही गॅरेज कधी पाहिलं नाही, म्हणून सांगते. एक गाळा आहे, त्यात दोन गाड्या मावतात आणि बाकीच्या फुटपाथवर उभ्या असतात. मालकांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांना काम करताना स्क्रू ओठांत धरायची सवय आहे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कळत नाही, आणि जे कळतं त्यात निम्म्या शिव्या असतात. माणूस वाईट नाही. गाडीत नसलेला दोष काढून दाखवत नाहीत आणि असलेला लपवत नाहीत. मला पहिल्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, संध्याकाळी जाताना फक्त उद्या जुने कपडे घालून ये म्हणाले.

गिऱ्हाईकं अजून माझ्यासमोर उभी राहून मला विचारतात, मेकॅनिक कुठे आहे. मी म्हणते, बाहेर गेलाय, येईल इतक्यात, बसा. आणि गाडी खोलायला घेते. बिचारी बराच वेळ वाट बघतात.

कॉलेज का सोडलं ते तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत, ओरडलात. मी नापास होत नव्हते हेच तुम्हाला जास्त झोंबलं. झाले असते तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. खरं कारण फार साधं आहे. मैत्रिणीची गाडी दुरुस्तीला आणली होती, काम होईपर्यंत थांबले, आणि परत जावंसं वाटेना. दुसऱ्या दिवशी पेपर होता. तो चुकला नाही, मी चुकवला. तुमच्या वर्कशॉपची खिडकी कॉलेजच्या मोठ्या इमारतीकडे उघडायची आणि मी त्या इमारतीत असावं असं तुम्हाला फार वाटायचं, हे मला ठाऊक आहे. पण मला लहानपणापासून खिडकीच्या अलीकडचंच आवडायचं. त्याला तुम्हीच जबाबदार आहात.

चष्मा आला का? या पत्रातही काकूच आहेत.

तुमची,
मुलगी


२२ एप्रिल

बाबा,

चेन. फिरवून पाहिली तर एका जागी ताठ, एका जागी सैल, आणि ताणून बसवली तरी खडखडते. म्हणजे चेन असमान ताणली गेलीय, दोन्ही चाकांचे दातेही झिजले असणार. चेन आणि दोन्ही दातेरी चाकं एकदमच बदला. नुसती चेन बदलणं म्हणजे दुधाची तहान ताकावर.

आता परीक्षा पुरे, असं मी म्हणणार आहे. का ते सांगते. खरी बिघडलेली गाडी अशी नसते. इथे माणूस येतो आणि म्हणतो, आवाज येतो. कुठून? पुढून. पुढून म्हणजे? म्हणजे मागून असेल. मग आम्ही उघडतो, तर आवाज आरशाच्या स्क्रूचा असतो आणि त्याने न सांगितलेली तीनचार दुखणी आत वेगळीच निघतात. तुमची गाडी मात्र शहाण्या मुलीसारखी एका वेळी एकच दुखणं सांगते, पुस्तकातल्या शब्दांत सांगते, आणि मागचं पुरतं बरं करूनच पुढचं काढते. तुम्ही घरात बसून प्रश्नपत्रिका काढताय. एवढा वेळ आहे तुमच्याकडे?

आमच्याकडे परीक्षेची एकच पद्धत आहे. ज्याने गाडी उघडली त्यानेच ट्रायल घ्यायची, आणि गिऱ्हाइकाला मागे बसवून घ्यायची. ब्रेक नीट जोडला नसेल तर दोघं पडतील. वस्ताद म्हणतात, त्यामुळे माणूस नट नीट आवळतो. मागच्या आठवड्यात मी पुढच्या ब्रेकची पॅडं बदलली आणि लिव्हर दाबून दाबून त्यात जोर आणायचा राहिला. पॅडं नवी बसवली की पहिले काही दाब पोकळ जातात, ते गाडी उभी असतानाच द्यायचे असतात. आम्हा लोकांची ही ठरलेली चूक आहे, काम संपलं या आनंदात होते. ट्रायलला निघाले, पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकली. मागे शंभर किलोंचा हलवाई असावा तसा एक गृहस्थ. मागच्या ब्रेकवर आणि नशिबावर थांबलो. त्यांना कळलं नाही. मला कळलं. वस्तादांना मी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्या ओठांत स्क्रू नव्हते, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं.

हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

तर आता माझा प्रश्न. मला घरी यायचंय. डिग्रीशिवाय, आहे तशी. 'ये' एवढं एक अक्षर तुमच्याकडून हवंय. मोठ्या मनाचं वाक्य नको, मागचं काही उकरून काढायला नको. काकूंना सांगा, त्या सुवाच्य लिहितील.

तुमची,
मुलगी


११ मे
(हे टाकणार नाही)

बाबा,

तुमचं उत्तर आलं. चेनसेट बदलला, आता आवाज नाही, असं आहे. 'ये' नाही. आणि आज दुपारी तुमची गाडी गॅरेजात आली.

टाकी आधी मरून रंगाची होती, आता काळी रंगवलीय. पण नंबर मला पाठ आहे. तिच्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून मी बसलेय, नंबर नसता तरी ओळखली असती. आणणारा गृहस्थ औषधं विकतो, गावोगाव फिरतो. त्याने ती हिवाळ्यात घेतली, एका वयस्क माणसाकडून. म्हणजे पहिलं पत्र आलं तेव्हा गाडी तुमच्या दारात नव्हतीच. चोक, धूर, चेन, सगळं तुम्ही रिकाम्या अंगणाकडे बघत काकूंना सांगितलंत.

त्याची तक्रार एकच होती. किक लांब आहे, नडगीला लागते, बदलून द्या.

मी खाली बसून पाहिली. मूळ किक मधोमध कापून त्यात सळईचा तुकडा घालून जोडलाय. लांबी वाढली की कमी जोरात फिरते, हे शाळकरी गणित आहे. पण ते वेल्डिंग. आधी मला वाटलं, कुठल्या तरी रस्त्यावरच्या माणसाने केलंय. गोळे गोळे झालेत, मध्येच तुटलंय, एका ठिकाणी धातू जळून भोक पडलंय आणि त्यावर पुन्हा भरलंय. तुमच्या वेल्डिंगवर कधी कानस फिरवावी लागली नाही. पण जोडायच्या आधी दोन्ही टोकं कानशीने तिरपी घासून घेतलीत, आणि तीही तुमच्याच पद्धतीने, बाहेरून आत. हे कोणाला दाखवून पटणार नाही, मला पटलं.

मी त्याला विचारलं, त्या काकांनी गाडी का विकली. त्याने सहज सांगितलं. त्यांचा उजवा पाय ओढत होता, उजवा हात धड उचलत नव्हता, जीभ जड झालेली. शेजारच्या बाई मध्ये उभ्या राहून त्यांचं बोलणं समजावून देत होत्या. बहुतेक झटका येऊन गेला असणार, तो म्हणाला. तो औषधं विकतो, त्याला कळतं.

चष्म्याचा नंबर. फोन करू नकोस, लिही. मी इतके दिवस समजत होते की तुम्हाला माझा आवाज ऐकायचा नाही. तुम्हाला तुमचा ऐकू द्यायचा नव्हता.

मोटरसायकलला उजवी बाजू लागते. किक उजवीकडे, मागचा ब्रेक उजवीकडे, पुढचा ब्रेक उजव्या हातात, अ‍ॅक्सिलरेटरही. डाव्या बाजूला क्लच आणि गिअर, त्यांनी गाडी नुसती जागची हलते. हे सगळं माहीत असून तुम्ही त्या हाताने वेल्डिंगची कांडी धरलीत आणि किक लांब केलीत. गाडी विकायच्या आधी तुम्हाला ती एकदा चालवून बघायची होती. मला रडू आलं नाही. राग आला, तुमचा आणि काकूंचा. मग भीती वाटली. ती अजून आहे.

नवी किक आणून बसवली. एकाच बोल्टचं काम, पण तो बोल्ट माझ्या हातून दोनदा निसटला. जुनी त्या गृहस्थाला नको होती, मी ठेवून घेतली; तो घाईत होता, ट्रायलला पुन्हा येतो म्हणून गेला.

तुम्हाला कळवायचं कसं, हा प्रश्न आहे. मला सगळं कळलं असं लिहिलं तर तुम्ही मूग गिळून बसाल आणि पत्रं थांबवाल. मी तुम्हाला ओळखते. आई आजारी असताना कोणी कशी आहे विचारलं की तुम्ही नळाच्या वॉशरवर बोलायला लागायचात. आई गेली त्या आठवड्यात घरातले सगळे नळ तुम्ही बदललेत. आता आपल्यामध्ये एक नसलेली मोटरसायकल उरलीय, तीही मी खरी नाही म्हणून काढून घेतली तर काय राहणार. पण हे असंच चालवलं तर तुम्ही तिथे एकटे भिंतीला धरून चालणार आणि मी इथे बसून तुम्हाला व्हॉल्व्ह सील सांगणार.

म्हणून हे टाकत नाही.


१३ मे

बाबा,

चेनसेट बदललात हे छान केलंत. आता दर थोड्या दिवसांनी तेल द्या आणि ताण बघत जा. फार ताणू नका, बोटभर खेळ राहू द्या.

इथे सगळं ठीक. काम भरपूर आहे. मी वेळेवर जेवते, हे काकूंसाठी.

आणखी काही त्रास दिला गाडीने, तर लिहा. कसलाही असो, लिहाच.

तुमची,
मुलगी


४ जून

बाबा,

'किक फार जड लागते, बराच जोर लावावा लागतो, उपाय कळव.' पत्र परवा आलं. दोन दिवस उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. हे मात्र टाकणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते. मागच्या महिन्यात एक औषधं विकणारा गृहस्थ एक गाडी घेऊन आला होता. किक बदलायची होती. कोणती गाडी ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मला ते योगायोगाने घडलं असं वाटलं होतं, आणि तुम्हाला काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलंही होतं. मधलं छोटं पत्र त्यातूनच लिहिलं. तुम्ही ताकास तूर लागू देत नव्हतात, मग मी कशाला देऊ.

पण ट्रायल राहिली होती, त्यासाठी तो मागच्या आठवड्यात पुन्हा आला. मी किक बसवली, म्हणजे मीच चालवायची आणि त्याला मागे बसवायचं. तो बोलका निघाला. बाजारातून चाललो होतो. तो म्हणाला, खरं सांगतो ताई, बाईच्या हातात गाडी द्यायची म्हणून मी जरा बिचकत होतो, पण ज्यांच्याकडून घेतली त्या काकांनी तुमच्याच गॅरेजचा पत्ता दिला होता. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस म्हणाले. मी विचारलं, आणखी काय म्हणाले.

"त्यांना बोलायला फार त्रास होत होता. पण त्या बाईंना मध्ये बोलू दिलं नाही, स्वतः म्हणाले, 'तिथे एक मुलगी आहे. माझ्यापेक्षा चांगलं करते.'"

तुमची कोण लागते, असं त्याने विचारलं होतं म्हणे. त्यावर तुम्ही गाडीचे कागद पुढे केलेत.

मी भर चौकात गाडी बंद पाडली, बाबा. क्लच सुटला हातातून. शिकाऊ लोकांचं होतं तसं. मागे हॉर्न वाजायला लागले, तो गृहस्थ घाबरला, काही बिघडलं का विचारायला लागला. मी म्हटलं, काही नाही. उतरले, उभी राहिले, डोळे पुसले आणि किक मारली. एका फटक्यात चालू झाली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: किक जड नाही. मी स्वतः मारून पाहिलीय. गाडीत काही दोष नाही. जेट साफ आहे, धूर नाही, चेन जुनीच आहे आणि उत्तम आहे. तुम्ही ती फार चांगली ठेवली होती.

तुम्हीच गाडी माझ्याकडे पाठवलीत आणि तुम्हीच ती दारात उभी असल्यासारखी पत्रं लिहिलीत. मला कळावंही आणि कळूही नये, असं काहीतरी तुमचं चाललं होतं. मी तुमचीच मुलगी, मला ते समजतं. पण आता मला ते चालवायचं नाही. आणि ती परीक्षा नव्हती, हे मला उशिरा समजलं. तुम्हाला उत्तरं येत होती. तुम्हाला पत्र यायला हवं होतं.

काकू, हे तुम्ही मोठ्याने वाचत असणार. इथे थांबू नका आणि मधलं काही गाळू नका. बाबा नळाबद्दल बोलायला लागले तर बोलू द्या, मग पुढचं वाचा. तुमच्यावर मी रागावलेय, मला कळवायला हवं होतं. पण तुम्ही होतात म्हणून पत्रं आली, तेव्हा त्या रागाचं काय करायचं ते आल्यावर बघू. आणि 'वेळेवर जेवत जा' कोणाचं होतं ते मला तेव्हा खरं सांगा.

बाबा, मला तुमची फार काळजी वाटते. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं, समोर तर नाहीच, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी शनिवारी येतेय. 'ये' म्हणून तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी आता त्याची वाट बघत नाही. नको म्हणायचं असेल तर त्यालाही वेळ नाही, हे पत्र मिळेल तेव्हा मी बसमध्ये असेन. डिग्री आणत नाही. कॉलेजला परत जाणार नाही, गॅरेजही सोडणार नाही. वस्तादांकडून रजा घेतलीय, हवी तेवढी घे म्हणाले, आणि तेवढं बोलण्यासाठी ओठांतले स्क्रू हातात काढून घेतले. डॉक्टरांनी काय सांगितलं, व्यायाम कोणते दिलेत, त्यातले तुम्ही किती बुडवता, हे सगळं मी येऊन विचारणार आहे. तुम्ही अडखळत बोला. मी दिवसभर ओठांत स्क्रू धरून बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करते, मला सगळं कळतं.

बस दुपारी पोचते. काकूंना दार उघडायला पाठवू नका, तुम्हीच या. बेल वाजली म्हणून गडबडीने उठू नका. भिंत धरा, मध्ये थांबा, हवा तेवढा वेळ घ्या. मी पुन्हा बेल वाजवणार नाही.

तुमची,
मुलगी